पुण्याजवळची लेणी नीट कशी बघायची: पाताळेश्वरपासून जुन्नरपर्यंत

कार्ल्याला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा काय बघितलं, एकवीरेचं दर्शन झालं, पायऱ्यांनी दम काढला, माकडाने नारळ पळवला, हे सगळं सांगतील आणि लेण्याचं काय म्हटलं की "हो ते पण बघितलं, मोठं आहे". दहा मिनिटं आत, चार फोटो, की बाहेर. लोकांचा दोष नाही, तिथे बोर्ड असतात पण त्यावर जे लिहिलेलं असतं ते वाचून नेमकं कुठे बघायचं हे काही कळत नाही. शिवाय लेण्यांची क्रमाने ओळख करून घ्यायची असते हे कुणी सांगतच नाही, सगळे डायरेक्ट सगळ्यात मोठं लेणं बघायला जातात आणि मग बाकीची "सेमच तर आहेत" म्हणून सोडून देतात.

सगळ्यात कामाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची सुरुवातीची लेणी म्हणजे लाकडी इमारतीची दगडात केलेली नक्कल आहे. कारागिरांना लाकडाचं काम येत होतं, इमारती लाकडाच्या होत्या, तेच सगळं त्यांनी डोंगरात कोरलं, अगदी ज्याची दगडात काही गरज नाही ते सुद्धा. हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक लेण्यात "हे इथे कशाला?" असं विचारत फिरता येतं आणि बऱ्याच वेळा उत्तर समोरच असतं.

सुरुवात जंगली महाराज रोडवरून

लांब जायच्या आधी एखाद्या संध्याकाळी पाताळेश्वरला जा. मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरलात तर चालत जाता येतं. हे लेणं ८ व्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं, शंकराचं. वयाने भाजे-कार्ल्यापेक्षा कितीतरी लहान आणि धर्मही वेगळा, मग सुरुवात इथून का, तर इथे लेणं कसं खोदतात ते उघडं दिसतं. डोंगर नाहीच, सपाट जमिनीतला खडक वरून खाली खोदत नेलाय, म्हणून आपण पायऱ्या उतरून अंगणात येतो. अंगणात मधोमध गोल नंदीमंडप आहे, जाड जाड खांब आणि वर छत्रीसारखं गोल छत, आणि हे बाहेरून आणून बांधलेलं नाही, आजूबाजूचा खडक काढून टाकला आणि हा तेवढा ठेवला. तिथे उभं राहून एकदा विचार करा की आधी ठरवायला लागलं असणार की मधला एवढा दगड सोडायचा. बांधकामात चूक झाली तर वीट काढून परत लावता येते, इथे एकदा उडालेली कपची गेली ती गेलीच.

आत जाऊन भिंती बघा. लेणं अपूर्ण आहे, आणि शिकायला अपूर्ण लेणंच चांगलं. कुठे भिंत गुळगुळीत, कुठे नुसते छिन्नीचे घाव, कुठे आकार अर्धवट. खोदकाम वरून खाली यायचं, म्हणजे छत आधी तयार आणि जमीन शेवटी, त्यामुळे परांची बांधत बसायची गरज नाही. पुढे कुठल्याही लेण्यात गेलात की छत पूर्ण आणि खालचा भाग ओबडधोबड दिसला तर समजायचं काम मध्येच थांबलं.

हे चालतं देऊळ आहे, लोक पूजेला येतात, तेव्हा चपला बाहेर आणि गाभाऱ्यासमोर ट्रायपॉड लावून रस्ता अडवायचा नाही, हे सांगायला नको खरं तर, पण सांगायला लागतं.

बॅगेत काय घ्यायचं

पाणी, टोपी, चांगली ग्रिप असलेले बूट हे तुम्हाला माहीतच आहे. ज्या दोन गोष्टी लोक नेत नाहीत त्या म्हणजे छोटी दुर्बीण आणि टॉर्च. दुर्बीण यासाठी की सगळ्यात भारी कोरीवकाम खांबांच्या डोक्यावर असतं, मान वर करून नुसत्या डोळ्यांनी फक्त "हत्ती आहेत काहीतरी" एवढंच दिसतं. दुर्बीण नसेल तर फोनचा झूम चालेल. टॉर्च मात्र समोरून मारायचा नाही. भिंतीला जवळजवळ चिकटून, बाजूने तिरपा प्रकाश टाकायचा, मग झिजलेल्या मूर्तीच्या कडा, दागिने, पुसट अक्षरं सगळं सावलीमुळे वर येतं. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं, फोटो पण बेकार येतो. जिथे जुने रंग आहेत तिथे फ्लॅश अजिबात नको.

परफ्यूम, डिओ मारून जाऊ नका. ह्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि वास, धूर, आरडाओरडा यातलं काहीही त्यांना चालत नाही. वर मोठं पोळं दिसलं तर गपचूप निघून दुसरीकडे जायचं, फोटोच्या नादात खाली उभं राहायचं नाही. माकडांसाठी एकच नियम, हातात पिशवी दिसता कामा नये.

भाजे आणि कार्ल्याला पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे, किरकोळ आहे, क्यूआर कोड असतो पण रेंजचा भरवसा नाही म्हणून सुट्टे ठेवा. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी लागते. आणि संध्याकाळी ५ च्या आत सगळं बघून झालं पाहिजे असं धरूनच निघा.

आधी भाजे

पुणे-लोणावळा लोकल पकडा, कामशेतनंतर मळवली, तिथे उतरायचं. दुपारी या लोकलना मोठी गॅप असते, परतीचं टाइमटेबल आधी बघून ठेवा नाहीतर स्टेशनवर बसून राहाल. मळवलीवरून एक्सप्रेसवे ओलांडून भाजे गावात चालत जाता येतं, तिथून पायऱ्या. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका असं मी म्हणेन. धबधब्यासाठी इतकी गर्दी लोटते की लेण्यापर्यंत पोचेस्तोवर चिडचिड झालेली असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, मधल्या वारी, बेस्ट.

लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर जा, ऊन आत येतं. इथे २२ लेणी आहेत, इसवी सनापूर्वी २ ऱ्या शतकापासूनची. समोरच मोठी कमान दिसते ते चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं पूजेचं दालन. बाहेर उभं राहूनच पाच मिनिटं काढा. दर्शनी भाग असा उघडा का आहे? कारण पुढची बाजू लाकडाची होती, ती गेली. खडकात खाचा आणि भोकं आहेत बघा, त्यात लाकूड बसवलेलं होतं. बाजूच्या खडकावर वरती छोट्या छोट्या कमानी, सज्जे, कठड्याची जाळी असं कोरलंय, ते सगळं लाकडी माड्यांचं चित्र आहे म्हणा ना.

आता आत. मधला लांब हॉल, दोन्हीकडे खांबांची रांग आणि मागे अर्धगोल, तिथे स्तूप. खांब साधे अष्टकोनी, एकूण २७, आणि सगळे आतल्या बाजूला कललेले. ही चूक नाही. लाकडी छपराचा भार बाहेर ढकलतो म्हणून लाकडी खांब आतून टेकू दिल्यासारखे तिरके रोवतात, दगडात तसा भार नाहीच, सगळा डोंगर एकसंध आहे, तरी खांब तिरके केलेत. हातातली सवय. नंतर छताकडे बघा, कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत, त्यातलं मूळ लाकूड अजून आहे, दोन हजार वर्षांचं. काहीही तोलत नाहीत त्या. फक्त असायला पाहिजेत म्हणून आहेत.

स्तूपाभोवती फिरायचं ते डावीकडून सुरू करून, स्तूप उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेसारखं. खालचा गोल ओटा, त्यावर घुमट म्हणजे अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सगळ्यात वर छत्र, हे चार भाग लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे उपयोगी पडतात. बुद्धाची मूर्ती शोधू नका, या काळात मूर्ती करत नसत, स्तूप, चक्र, बोधिवृक्ष, रिकामं आसन अशा खुणांनीच दाखवत. आणि स्तूपावर हात ठेवून, टेकून फोटो नको. वंदनेला येणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी ते पुजायचं ठिकाण आहे.

चैत्यगृहापासून पुढे चालत राहिलात की १४ स्तूपांचा घोळका लागतो, ५ आत आणि ९ बाहेर. इथल्या मोठ्या भिक्खूंच्या आठवणीतले हे स्तूप, काहींवर नावं कोरलेली आहेत. बहुतेक लोक इथपर्यंत येऊन मागे फिरतात आणि सगळ्यात भारी जागा राहून जाते.

शेवटचा विहार, म्हणजे भिक्खूंची राहायची जागा. याला सूर्यलेणं म्हणतात. व्हरांड्यात आतल्या खोलीच्या दाराच्या एका बाजूला चार घोड्यांचा रथ, त्यात एक माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बायका, एकीने छत्र धरलंय, एकीच्या हातात चवरी, आणि रथाखाली अजस्र सुजलेल्या अंगाचे राक्षस चिरडले जातायत. दुसऱ्या बाजूला हत्तीवर बसलेला माणूस, हत्तीने सोंडेत अख्खं झाड उपटून धरलंय, मागे ध्वज घेतलेला सेवक. हत्तीच्या पायाशी अगदी लहान आकारात एक अख्खी दुनिया आहे, झाडं, आसनावर बसलेला राजा, वाजवणारे, नाचणारी बाई. तिथे एक बाई दोन उभी वाद्यं शेजारी शेजारी ठेवून दोन्ही हातांनी वाजवतेय, ती बघून तबला आठवला नाही तरच नवल, म्हणून काही जण तबल्याचा इतिहास इथपर्यंत नेतात. मोठ्या दोन मूर्ती कुणाच्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सूर्य आणि इंद्र असं साधारण सांगतात, काही जण मांधाता राजाची गोष्ट आहे म्हणतात. मला मांधाता जास्त पटतो, कारण मग दोन्ही बाजू एकाच कथेच्या होतात, पण तुम्ही स्वतः समोर उभं राहून ठरवा. कुलूप असेल तर पहारेकऱ्याला नीट विचारा. टॉर्चची तिरपी युक्ती इथे सगळ्यात जास्त कामाला येते.

अक्षरं वाचायची नाहीत, ओळखायची

ब्राह्मी शिकायला वेळ लागतो पण चार-पाच अक्षरं एका लोकल प्रवासात पाठ होतात आणि लेणं बघायची मजाच बदलते. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे पूर्ण गोल. म म्हणजे खाली गोल आणि वर दोन शिंगं. न म्हणजे उभी रेघ आणि तिच्या बुडाशी आडवी रेघ, म्हणजे उलटा टी. अनुस्वार म्हणजे बाजूला टिंब. बहुतेक शिलालेख दानाचे असतात, म्हणून ओळीच्या शेवटाकडे उलटा टी आणि टिंब दिसलं की तो "दानं" मधला नं असण्याची शक्यता भरपूर. दुसरा नेहमीचा शब्द देयधम, म्हणजे धर्मासाठी दिलेली वस्तू. भाज्यात पाण्याच्या टाक्यावरच लेख आहे, कोसिकीपुत्र विण्हुदत नावाच्या महारठीने, म्हणजे त्या काळच्या बड्या सरदाराने, ही पोढी दिली म्हणून. पोढी म्हणजे हेच टाकं. राजाने लेणं खोदलं असं आपण धरून चालतो, पण लेखांमध्ये व्यापारी, कारागीर, भिक्खू, भिक्खुणी असे सगळे आहेत, कुणी खांब दिला, कुणी खोली, कुणी टाकं. पांडवांनी एका रात्रीत कोरली ही गोष्ट गावागावात ऐकायला मिळेल, वाद घालत बसू नका, ऐकून घ्या, मग हे लेख बघा.

लेखावर पाणी टाकणं, खडूने गिरवणं असलं काही करू नका, त्याने दगड खराब होतो.

मग बेडसे, सकाळी

बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून इथे सकाळीच जायचं, दहाच्या आत पोचलात तर व्हरांड्यात कोवळं ऊन असतं. कामशेतवरून पवनानगरच्या रस्त्याला लागून बेडसे गाव, पुढे चारशेच्या आसपास पायऱ्या. स्वतःची गाडी असेल तर सोपं. गर्दी जवळजवळ नसते, खायला-प्यायलाही काही मिळेल असं धरू नका.

भाज्यानंतरचं, इसवी सनापूर्वी १ ल्या शतकातलं हे लेणं. खडकातल्या अरुंद बोळातून आत शिरावं लागतं आणि एकदम समोर उंचच्या उंच खांब येतात. इथे दुर्बीण काढा. खांबाच्या डोक्यावर उलट्या घंटेसारखा कमळाचा भाग, त्यावर पायऱ्यापायऱ्यांची चौकट आणि त्यावर प्राणी, घोडे, हत्ती, बैल, आणि त्यांच्यावर स्वार झालेली जोडपी. घोड्याच्या मानेचे स्नायू, बायकांच्या पायातले जाडजूड वाळे, केसांची रचना, एकेक बघत बसा. माझ्या मते पुण्याजवळच्या सगळ्या लेण्यांत हे चार खांब पहिल्या नंबरला. एका लेखात नाशिकच्या आनंद शेठीच्या मुलाचं, पुसणकाचं, दान नोंदलेलं आहे, म्हणजे नाशिकचा माणूस मावळात पैसे देतोय. घाटवाटांचा व्यापार डोळ्यापुढे आणा म्हणजे कळतं, कोकणातल्या बंदरांवरून माल बोरघाटाने वर यायचा, आणि ही लेणी त्या रस्त्याच्या आसपास आहेत.

आत गेल्यावर भाज्याशी तुलना करा, खांब आता जवळजवळ सरळ उभे राहायला लागलेत, दर्शनी भाग लाकडाऐवजी दगडातच कोरलाय. शेजारचा विहार पण चुकवू नका, साधारणपणे विहार चौकोनी असतात, हा चैत्यासारखा मागे अर्धगोल आणि वर कमानदार छत असलेला आहे, कडेने भिक्खूंच्या खोल्या. खोलीत शिरून दगडी बाकावर बसून बघा, पावसाळ्याचे महिने एका जागी राहायची त्यांची पद्धत होती, तो मावळातला पाऊस इथून कसा दिसत असेल.

कार्ले शेवटी

मंगळवार, रविवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळा, एकवीरा कोळी, आग्री आणि सीकेपी लोकांची कुलदेवता आहे, त्या दिवसांत रांगच रांग असते. अर्थात दर्शनालाच जायचं असेल तर दोन्ही एकत्र करा, पण आधी दर्शन, मग लेणं, उलट केलंत तर लेण्यात घाई होते.

चैत्यगृह साधारण इसवी सनाच्या १ ल्या शतकातलं, आणि भारतातल्या खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत सगळ्यात मोठं. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची दोन्ही ४५ फुटांच्या आसपास. बाहेर डावीकडे सिंहस्तंभ, चार सिंहांचा. उजवीकडे त्याचा जोडीदार असायला हवा त्या जागी आता देवीचं देऊळ आहे.

व्हरांड्यात दोन काळ शेजारी शेजारी दिसतात आणि हे कळलं पाहिजे. स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या आहेत, भरदार अंगाच्या, एकदम आत्मविश्वासाने उभ्या, त्या मूळच्या. त्यांच्या मधल्या जागांत बुद्धाच्या मूर्ती आहेत त्या नंतर, काही शतकांनी कोरलेल्या, तोवर मूर्ती करायची पद्धत आली होती. बाजूच्या भिंतीतले हत्ती पुढून बघा, अख्खी इमारत पाठीवर घेतल्यासारखे उभे आहेत. दाराशी असलेल्या लेखांमध्ये धेनुकाकट गावचा गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा सिंहदत्त आहे, आणि सामी नावाचा सुतार पण आहे. दगडाच्या लेण्याच्या दारावर सुताराचं नाव! भाज्यापासून जे बघत आलो ते इथे लिहूनच ठेवलंय. वैजयंती गावच्या भूतपाल शेठीचा लेख तर सरळ म्हणतो की हे जंबुद्वीपातलं, म्हणजे अख्ख्या भारतातलं, उत्तम शैलगृह आहे. थोडी बढाई आहे पण आत गेल्यावर राग येत नाही.

आत ३७ खांब. दोन्हीकडे १५-१५ नक्षीचे, खाली घडा, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर जोडपी, आणि स्तूपामागचे ७ अगदी साधे अष्टकोनी. काही खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी लोकांची, नावं आहेत. खांबांच्या रांगेच्या मागच्या अरुंद वाटेतून पण चाला, तिथून शीर्षांची दुसरी बाजू दिसते, तिथे हत्तींऐवजी घोडे आहेत. छताच्या फासळ्या मूळच्या लाकडी, आणि स्तूपावरचं लाकडी छत्र सुद्धा. दुपारनंतर मोठ्या कमानीतून ऊन आत उतरतं तेव्हा थांबा. आवाज घुमतो म्हणून ओरडून बघणारे कायम असतात, त्यांचं झालं की मग शांतपणे बसा.

मूर्ती ओळखायची सोपी पद्धत

बुद्धाच्या मूर्तीत चेहऱ्यावर जाऊ नका, हात बघा. एक हात जमिनीकडे, बोटं भूमीला लागलेली, तर भूमिस्पर्श मुद्रा, ज्ञानप्राप्तीचा प्रसंग. दोन्ही हात छातीशी, बोटांत बोटं, तर धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे पहिला उपदेश, खाली चक्र आणि हरणं असतील तर नक्कीच. मांडीवर दोन्ही हात म्हणजे ध्यान. तळवा समोर करून वर उचललेला हात म्हणजे अभय. शेजारी उभे असतात ते बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचे, त्यांपैकी ज्याच्या हातात कमळ तो पद्मपाणि, वज्र असेल तर वज्रपाणि. मुकुटात छोटा बुद्ध असेल तर अवलोकितेश्वर, छोटा स्तूप असेल तर मैत्रेय. एवढ्यावर वेरूळच्या बौद्ध लेण्यांपर्यंत निभावतं.

पुढे जुन्नर

हे सगळं झाल्यावर जुन्नर, पुण्याहून ९०-९५ किमी, एसटी आहे. शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट करू नका. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं देऊळ ७ नंबरच्या लेण्यात आहे, तो मुळात विहार, देवासमोर बसून कडेच्या भिक्खूंच्या खोल्या मोजा, आणि शेजारचं ६ नंबरचं चैत्यगृह बघितल्याशिवाय उतरू नका, अष्टविनायकाचे भाविक तिथे डोकावत पण नाहीत. मग तुळजा लेणी, तिथलं चैत्यगृह चक्क गोल आहे, मधे स्तूप, भोवती १२ खांब, वर घुमट. वेळ असेल तर मानमोडीच्या डोंगरावरचा भूतलिंग गट, तिथल्या कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे. मानमोडीला वाट नीट विचारून जा आणि एकट्याने जाऊ नका.

लांब जायला वेळ नसेल तर लोकलच्याच रस्त्यावर घोरावाडी स्टेशनजवळ घोरवडेश्वर आहे, सकाळच्या चालीला लोक चढतात, जुन्या बौद्ध लेण्यांत आता महादेव आहे आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते.

वेरूळ-अजिंठा याच्यानंतरच ठेवा. वेरूळमध्ये ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, आणि १६ नंबरचं कैलास वरून खाली खोदलेलं आहे, पाताळेश्वर बघून गेलेल्याला ते लगेच कळतं. पुण्याहून दोन दिवसांचा प्लॅन करत असाल तर अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे सोमवार-मंगळवार सलग सुट्टी मिळाली म्हणून निघत असाल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, याच क्रमाने जा.